जावा नेमके कुठे बसवले आहे: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर किती विसंबावे

प्रश्न असा आहे. एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत विंडोजची सुमारे चाळीस यंत्रे आहेत आणि प्रत्येकावर जावात लिहिलेला एक प्रोग्रॅम बॅच फाइलमधून, म्हणजे आज्ञांची यादी असलेल्या मजकूर-फाइलीतून, सुरू करायचा आहे. बॅच फाइलमध्ये जावाच्या फोल्डरचा पत्ता थेट लिहिला होता. तो काही यंत्रांवर चालला आणि बाकीच्या यंत्रांवर दिलेला मार्ग सापडत नसल्याचा संदेश आला. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे नाव देऊन यंत्रात साठवलेले, प्रोग्रॅमना वाचता येणारे मूल्य. काही यंत्रांवर जावाच्या फोल्डरचा पत्ता सांगणारे जावा_होम हे व्हेरिएबल आहे, काहींवर नाही, आणि दोन यंत्रांवर ते आहे पण पूर्वीच काढून टाकलेल्या फोल्डरकडे बोट दाखवते. विचारणा अशी की एखादे सॉफ्टवेअर कुठे इन्स्टॉल केले आहे हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवरून खात्रीने शोधता येते का, आणि येत असेल तर कसे.

शोधता येते, पण खात्रीने नाही. सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे आणि जमीन प्रत्यक्षात कसतो कोण, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. व्हेरिएबल ही तशीच एक नोंद आहे. ती कोणीतरी, कधीतरी, बहुधा इन्स्टॉलरने किंवा आधीच्या एखाद्या प्रशासकाने केलेली असते आणि त्यानंतर डिस्कवर काय घडले याची तिला गंधवार्ता नसते. म्हणून उतारा जरूर काढावा, पण त्यावर विसंबून व्यवहार करण्यापूर्वी जागेवर जाऊन पाहणी करावी. म्हणजे त्या फोल्डरात हवी ती फाइल खरोखर आहे का, हे स्क्रिप्टनेच तपासावे. या उत्तरात व्हेरिएबल, आज्ञा आणि फोल्डर यांची नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. ती टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची आहेत.

आधी ही नोंद राहते कुठे ते पाहू, कारण पुढच्या बहुतेक घोटाळ्यांचे मूळ तिथे आहे. विंडोजमध्ये व्हेरिएबल रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदींच्या साठ्यात, दोन ठिकाणी साठवलेली असतात: संपूर्ण यंत्रासाठीची एका जागी आणि त्या-त्या वापरकर्त्याची दुसऱ्या जागी. एकाच नावाचे व्हेरिएबल दोन्हीकडे असेल तर वापरकर्त्याचे ग्राह्य धरले जाते. पाथ, म्हणजे आज्ञा कोणकोणत्या फोल्डरांत शोधायच्या त्यांची यादी, मात्र याला अपवाद आहे. तिथे यंत्राचा पाथ आधी येतो आणि वापरकर्त्याचा त्याच्या शेपटीला जोडला जातो. त्यामुळे वापरकर्त्याने स्वतःच्या पाथमध्ये नव्या जावाचा पत्ता कितीही निगुतीने लिहिला, तरी यंत्राच्या पाथमध्ये जुने जावा असेल तर तेच चालते. परंतु कोणताही प्रोग्रॅम चालू असताना रजिस्ट्रीतली ही मूळ नोंद वाचत बसत नाही. प्रत्येक प्रोसेस (चालू झालेला प्रोग्रॅम) सुरू होताना तिला तिच्या जनक प्रोसेसकडून व्हेरिएबलांची एक प्रत मिळते आणि पुढे ती आपल्या प्रतीवरच काम करते. तुम्ही कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन जावा_होम बदलले, तरी आधीपासून उघडी असलेली कमांड प्रॉम्प्टची खिडकी जुनेच मूल्य दाखवत राहते. बदल झाल्याची सूचना विंडोज सर्व खिडक्यांना पाठवते हे खरे, पण ती ऐकून स्वतःची प्रत ताजी करणारा मुख्यतः एक्स्प्लोररच असतो. कमांड प्रॉम्प्ट ती ऐकत नाही. म्हणून ‘मी बदलले, तरी फरक पडत नाही’ अशी तक्रार आली की माझा पहिला प्रश्न खिडकी नव्याने उघडली का, हाच असतो.

सर्व्हिसच्या, म्हणजे पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, बाबतीत हे अधिक त्रासाचे होते. सर्व्हिस सुरू करणारा घटक यंत्र चालू होतानाच आपली प्रत घेतो, म्हणून व्हेरिएबल बदलल्यावर नुसती सर्व्हिस थांबवून पुन्हा सुरू करणे पुष्कळदा पुरत नाही. यंत्रच पुन्हा सुरू करावे लागते. काही सर्व्हिस तर इन्स्टॉल होताना जावाचा पत्ता वाचून तो रजिस्ट्रीत स्वतःच्या खात्यात लिहून ठेवतात आणि नंतर जावा_होमकडे ढुंकूनही पाहत नाहीत. विंडोजवर सर्व्हिस म्हणून बसवलेला टॉमकॅट हा वेब सर्व्हर असाच वागतो आणि तसा वागण्यात काही चूकही नाही, फक्त ते आपल्याला ठाऊक असावे लागते. मला ते ठाऊक नव्हते तेव्हाची गोष्ट आहे. एका कार्यालयात मी सर्व्हरवरील जावा बदलले, जावा_होम नवे केले, सर्व काही व्यवस्थित चालते आहे असे पाहिले आणि समाधानाने जुने फोल्डर काढून टाकले. सर्व्हिस तोवर जुन्याच जावावर चालत होती. फाइली मेमरीत होत्या किंवा काही वापरात असल्यामुळे हटल्याच नव्हत्या, आणि मी तो इशारा वाचला नव्हता. पुढच्या आठवड्यात यंत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा सर्व्हिस उठलीच नाही. तेव्हापासून जुने फोल्डर काढण्यापूर्वी मी त्याचे नाव बदलतो, यंत्र एकदा पुन्हा सुरू करतो आणि काही दिवस जाऊ देतो.

चालू असलेल्या प्रोसेसकडे नेमकी कोणती प्रत आहे हे पाहायचे असेल तर मायक्रोसॉफ्टचे प्रोसेस एक्स्प्लोरर हे मोफत साधन उपयोगी आहे. प्रोसेसच्या गुणधर्मांत एन्व्हायर्नमेंट नावाचा वेगळा टॅब असतो. अंदाज बांधण्यात अर्धा दिवस घालवण्यापेक्षा तो टॅब उघडून पाहणे बरे.

आता व्हेरिएबलांकडे वळू. इन्स्टॉलेशनची जागा शोधताना उपयोगी पडणारी व्हेरिएबल तीन जातींची आहेत आणि तिन्हींची विश्वासार्हता वेगवेगळी आहे. पहिली जात ऑपरेटिंग सिस्टीमच्या स्वतःच्या फोल्डरांची, दुसरी पाथची, आणि तिसरी सॉफ्टवेअरच्या नावाने असलेली, ज्यांच्या शेवटी बहुधा ‘होम’ येते.

पहिल्या जातीतली व्हेरिएबल विंडोज स्वतः तयार करते, म्हणून ती असतील याची खात्री बाळगता येते. सिस्टीमरूट हे विंडोजचे फोल्डर सांगते, प्रोग्रामफाइल्स हे सर्वांसाठी बसवलेल्या सॉफ्टवेअरचे, प्रोग्रामडेटा हे सामायिक माहितीचे आणि लोकलअॅपडेटा हे त्या वापरकर्त्यापुरत्या गोष्टींचे. पत्ता थेट ‘सी:\प्रोग्राम फाइल्स’ असा लिहिण्याऐवजी %प्रोग्रामफाइल्स% असे का लिहावे, याचे उत्तर केवळ ड्राइव्ह वेगळा असू शकतो एवढेच नाही. विंडोज एक्सपीच्या काळात जर्मन आवृत्तीत या फोल्डरचे डिस्कवरचे नावच ‘प्रोग्रामे’ असे होते. व्हिस्टापासून डिस्कवरचे नाव सर्व भाषांत एकच झाले आणि स्थानिक भाषेतले नाव फक्त पडद्यावर दिसू लागले. म्हणजे पडद्यावर जे नाव दिसते तेच डिस्कवर असेल असे आजही धरून चालू नये.

याच जातीत एक खरी खोच आहे. ६४ बिटच्या विंडोजवर प्रोग्रामफाइल्स या व्हेरिएबलचे मूल्य ते कोणी विचारले यावर अवलंबून असते. ६४ बिटच्या प्रोसेसने विचारले तर ‘सी:\प्रोग्राम फाइल्स’ मिळते, आणि ३२ बिटच्या प्रोसेसने विचारले तर त्याच नावाखाली ‘सी:\प्रोग्राम फाइल्स (एक्स८६)’ मिळते. हे जाणूनबुजून केलेले आहे, जेणेकरून जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमना आपले घर आपोआप सापडावे. पण तुमची बॅच फाइल एखाद्या जुन्या ३२ बिट व्यवस्थापन-साधनाने दूरून चालवली, तर तिला मिळणारा कमांड प्रॉम्प्टही ३२ बिटचा असतो. हातांनी चालवताना बिनचूक चालणारी फाइल मग रात्री आपोआप चालताना जावा सापडत नाही म्हणून थांबते. यावर उपाय म्हणजे प्रोग्रामडब्ल्यू६४३२ हे व्हेरिएबल वापरणे. ते विंडोज ७ पासून उपलब्ध आहे आणि विचारणारी प्रोसेस कोणतीही असो, ६४ बिटचेच फोल्डर सांगते. ३२ बिटच्या फोल्डरसाठी प्रोग्रामफाइल्स(एक्स८६) हे वेगळे व्हेरिएबल आहे. नावांचा गोंधळ एवढ्यावर थांबत नाही, कारण सिस्टीम३२ या फोल्डरात ६४ बिटच्या फाइली असतात आणि सिसवाव६४ या फोल्डरात ३२ बिटच्या. त्यामागे जुन्या प्रोग्रॅमांची सोय हे कारण आहे, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते पटत नाही आणि त्यात त्याचा दोष नाही.

प्रोग्रामफाइल्स(एक्स८६) या नावात कंस आहेत, आणि त्याच्या मूल्यातही कंस आहेत. बॅच फाइलमध्ये ‘इफ’च्या कंसातल्या भागात तुम्ही हे व्हेरिएबल अवतरणचिन्हांशिवाय वापरले, तर मूल्यातला बंद होणारा कंस हाच त्या भागाचा शेवट आहे असे कमांड प्रॉम्प्ट समजतो आणि पुढचा मजकूर तिथे अपेक्षित नव्हता असा चक्रावणारा संदेश देऊन फाइल अर्धवट सोडतो. पाथमध्ये असा एखादा पत्ता असेल, आणि तो बहुतेक यंत्रांवर असतोच, तर ‘इफ’च्या आत पाथला भर घालणारी साधी ओळसुद्धा अशीच कोसळते. यासाठी ‘सेट’नंतरचा संपूर्ण मजकूर, म्हणजे व्हेरिएबलचे नाव, बरोबरचे चिन्ह आणि मूल्य, हे सगळे एकाच अवतरणचिन्हांच्या जोडीत घालावे, तसे केल्याने अवतरणचिन्हे मूल्यात शिरत नाहीत आणि कंसही निरुपद्रवी होतात. पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या आज्ञा-खिडकीत याच व्हेरिएबलचे नाव महिरपी कंसात घालावे लागते.

दुसरी जात पाथची. ‘कोणते जावा चालेल’ या प्रश्नाचे उत्तर पाथ देतो, पण ‘जावा कुठे बसवले आहे’ या प्रश्नाचे देतोच असे नाही, आणि हा भेद पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर जावा’ असे विचारले की पाथमधल्या क्रमाने सापडलेल्या सर्व जावा फाइलींची यादी मिळते आणि यादीतली पहिली फाइल चालते. दोन बारकावे इथेच सांगतो. कमांड प्रॉम्प्ट पाथ पाहण्याआधी तुम्ही ज्या फोल्डरात उभे आहात ते पाहतो, पॉवरशेल तसे करत नाही. आणि विंडोजमधील मूळ पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर’ हे नाव एका वेगळ्याच आज्ञेला दिलेले असल्यामुळे तिथे ‘व्हेअर.ईएक्सई’ असे पूर्ण लिहावे किंवा ‘गेट-कमांड’ वापरावी.

यादीतल्या पहिल्या फाइलीवरून इन्स्टॉलेशनची जागा काढायची तर ‘बिन’ फोल्डरच्या एक पायरी वर जायचे, असा सरळ हिशेब वाटतो. ओरॅकलचे जावा असलेल्या यंत्रावर मात्र ‘व्हेअर’ अनेकदा ‘कॉमन फाइल्स’च्या आत ‘ओरॅकल\जावा\जावापाथ’ असा पत्ता दाखवते. तिथे जावाची फाइल असते, पण ते जावाचे घर नव्हे. तो केवळ दरवाजा आहे, घर दुसरीकडे आहे. त्या पत्त्यावरून एक पायरी वर जाऊन लायब्ररी शोधणारी स्क्रिप्ट रिकाम्या हाताने परत येते. पायथनच्या बाबतीत याहून फसवा प्रकार आहे. विंडोज १० व ११ वर लोकलअॅपडेटाच्या आत ‘मायक्रोसॉफ्ट\विंडोजअॅप्स’ या फोल्डरात पायथन.ईएक्सई नावाची शून्य बाइटची एक फाइल असू शकते, जी पायथन बसवलेले नसतानाही ‘व्हेअर’ला सापडते आणि चालवल्यास मायक्रोसॉफ्टचे स्टोअर उघडते किंवा तिकडे जायला सांगते. फाइल सापडली म्हणजे सॉफ्टवेअर सापडले असे म्हणता येत नाही, ते यामुळेच.

म्हणून दरवाजा सापडला की घराचा पत्ता घरमालकालाच विचारावा. जावाला ‘-एक्सशोसेटिंग्ज:प्रॉपर्टीज’ आणि ‘-व्हर्जन’ हे दोन पर्याय एकत्र दिले तर ते आपली सगळी माहिती छापते आणि त्यात ‘जावा.होम’ या नावापुढे खरा पत्ता असतो. पायथनमध्ये ‘सिस.एक्झिक्युटेबल’ हेच काम करते, गो भाषेत ‘गो एन्व्ह गोरूट’ ही आज्ञा. स्क्रिप्टमध्ये हे वापरताना ध्यानात ठेवावे की जावा हा मजकूर नेहमीच्या आउटपुटवर न छापता त्रुटींसाठीच्या आउटपुटवर छापते. तो दुसरा प्रवाह पहिल्यात वळवून घेतला नाही, तर पडद्यावर मजकूर दिसत असूनही स्क्रिप्टच्या हाती काही लागत नाही. आणखी एक: जावा ८ च्या विकासक-संचात (जेडीके) ‘जावा.होम’चे उत्तर संचाच्या आतील ‘जेआरई’ या उपफोल्डरचे येते, म्हणजे जावा_होममध्ये लिहायच्या पत्त्याच्या एक पायरी खालचे. २०१७ साली आलेल्या जावा ९ पासून ते उपफोल्डर नाहीसे झाले आणि दोन्ही पत्ते एक झाले.

तिसरी जात ‘होम’ व्हेरिएबलांची. जावा_होम हे ऑपरेटिंग सिस्टीमचे व्हेरिएबल नव्हे आणि स्वतः जावालाही चालण्यासाठी त्याची गरज नाही. मेवेन, ग्रेडल, टॉमकॅट, अँट अशा साधनांनी पाळलेला तो एक संकेत आहे. सर्व इन्स्टॉलर तो भरतातच असे नाही. अडॉप्टियमच्या टेमुरिन या संचाच्या इन्स्टॉलरमध्ये पाथमध्ये भर घालण्याचा पर्याय आपोआप निवडलेला असतो, पण जावा_होम भरण्याचा पर्याय आपल्याला निवडावा लागतो. तुमच्या प्रयोगशाळेत काही यंत्रांवर हे व्हेरिएबल आहे आणि काहींवर नाही, याचे कारण बहुधा एवढेच असावे की ती वेगवेगळ्या हातांनी बसवली गेली. हातांनी भरलेल्या जावा_होममध्ये मला वारंवार दिसणाऱ्या चुका तीनच आहेत: पत्त्याच्या शेवटी ‘बिन’ जोडलेले असणे, संपूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत असणे, आणि पाथच्या सवयीने शेवटी अर्धविराम राहून जाणे. तिन्ही डोळ्यांना किरकोळ वाटतात आणि तिन्हींमुळे ‘%जावा_होम%\बिन\जावा.ईएक्सई’ हा पत्ता मोडतो.

दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी हीच पद्धत वापरायची असेल तर प्रत्येकाचा संकेत वेगळा आहे हे लक्षात घ्यावे. ओरॅकल डेटाबेससाठी ओरॅकल_होम हे नाव रूढ आहे, एन्व्हिडियाच्या कुडा संचासाठी विंडोजवर कुडा_पाथ, अँड्रॉइडच्या विकासक-संचासाठी अँड्रॉइड_होम. मेवेनच्या ३.५.० आवृत्तीपासून एम२_होमची आवश्यकता उरलेली नाही, तरी जुन्या टिपणांतून ते अजूनही नव्या यंत्रांवर उतरवले जाते. पायथनहोम या नावावरून मात्र फसू नये. ते पायथन कुठे आहे हे सांगणारे व्हेरिएबल नाही. पायथनने आपली मूळ लायब्ररी कुठे शोधावी हे बदलणारे आहे, आणि एका आवृत्तीसाठी भरलेले पायथनहोम दुसऱ्या आवृत्तीला सुरूच होऊ देत नाही. केवळ शोध सोपा व्हावा म्हणून ते कधीही भरू नये. व्हिज्युअल स्टुडिओचा अनुभव बोधप्रद आहे. २०१५ च्या आवृत्तीपर्यंत त्याची जागा एका यंत्रव्यापी व्हेरिएबलवरून कळत असे. २०१७ पासून एकाच यंत्रावर अनेक प्रती शेजारी शेजारी बसवता येऊ लागल्या, आणि एका व्हेरिएबलमध्ये एकच पत्ता मावतो. त्यामुळे ते व्हेरिएबल बंद झाले आणि त्याऐवजी ‘व्हीएसव्हेअर’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम देण्यात आला, जो %प्रोग्रामफाइल्स(एक्स८६)% च्या आत ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल स्टुडिओ\इन्स्टॉलर’ या ठरलेल्या जागी असतो. म्हणजे शोधाचे पहिले पाऊल आजही एक व्हेरिएबलच आहे, पण ते पहिल्या, भरवशाच्या जातीचे.

व्हेरिएबल काहीच सांगत नसेल तर रजिस्ट्रीकडे जावे लागते. ओरॅकलच्या जावाची नोंद यंत्राच्या ‘सॉफ्टवेअर\जावासॉफ्ट’ या शाखेत असते. जावा ९ पासून तिच्या आत ‘जेडीके’, त्यापूर्वी ‘जावा डेव्हलपमेंट किट’, आणि त्यात आवृत्तीनुसार ‘जावाहोम’ हे मूल्य. ३२ बिटचा कमांड प्रॉम्प्ट रजिस्ट्रीतही वेगळ्या शाखेकडे वळवला जात असल्यामुळे ‘रेग क्वेरी’ या आज्ञेला ‘/रेग:६४’ हा पर्याय जोडावा. सर्वसाधारण सॉफ्टवेअरसाठी ‘अनइन्स्टॉल’ या शाखेतले ‘इन्स्टॉललोकेशन’ हे मूल्य पाहता येते, पण अनेक इन्स्टॉलर ते रिकामे सोडतात. ‘विन३२_प्रॉडक्ट’ या वर्गाला विचारून यादी काढण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो, तो पाळू नये. ती विचारणा केवळ यादी देत नाही; एमएसआय या विंडोजच्या इन्स्टॉलर-पद्धतीने बसवलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची सुसंगतता तपासते आणि गरज वाटल्यास दुरुस्तीही सुरू करते. चाळीस यंत्रांवर एकाच वेळी असे झाले तर तास बुडालाच म्हणून समजा.

शोधताना व्हेरिएबल दुरुस्त करण्याचा मोह होतो, त्याबद्दल सावध करतो. ‘सेटएक्स’ ही आज्ञा वापरून यंत्राच्या पाथमध्ये भर घालण्यासाठी %पाथ% च्या पुढे नवा पत्ता जोडून ती ओळ चालवणे हा सर्वत्र दिसणारा प्रकार घातक आहे. %पाथ% मध्ये यंत्राचा आणि वापरकर्त्याचा असे दोन्ही पाथ एकत्र झालेले असतात, त्यामुळे एका वापरकर्त्याचे पत्ते सर्वांच्या माथी मारले जातात. त्यातली व्हेरिएबल विस्तारून कायमची थेट पत्त्यांत बदलतात. आणि ‘सेटएक्स’ १०२४ अक्षरांपुढचे मूल्य छाटून टाकते. छाटलेला भाग परत मिळत नाही. बदल करायचाच असेल तर सिस्टीमच्या गुणधर्मांतल्या खिडकीतून करावा आणि आधीचे मूल्य एका मजकूर-फाइलीत उतरवून ठेवावे.

प्रयोगशाळेत मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी स्वतःची खाती काढत असतील तर आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. विंडोजमध्ये स्थानिक खाते काढताना नाव देवनागरीत लिहिले तर त्या वापरकर्त्याच्या फोल्डरचे नावही देवनागरीत होते, आणि युजरप्रोफाइल, लोकलअॅपडेटा व टेम्प या सर्वांच्या मूल्यांत ते उतरते. युनिकोड जाणणाऱ्या प्रोग्रॅमांना याची काहीच अडचण नाही. पण जुन्या पद्धतीने व्हेरिएबल वाचणारे प्रोग्रॅम यंत्राच्या कोडपेजमधून, म्हणजे अक्षरांच्या ठरावीक तक्त्यातून, वाचतात आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसे कोडपेज नाहीच. त्यामुळे त्यांना नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ मिळते आणि फोल्डर सापडत नाही. सॉफ्टवेअर फक्त एका वापरकर्त्यापुरते, म्हणजे लोकलअॅपडेटाच्या आत ‘प्रोग्राम्स’मध्ये, बसवण्याची पद्धत वाढत असल्यामुळे हा त्रास पूर्वीपेक्षा अधिक दिसतो. खाते रोमन अक्षरांत काढावे आणि नंतर दिसणारे नाव देवनागरीत बदलावे. नाव बदलले तरी फोल्डर तेच राहते, आणि इथे आपल्याला तेच हवे आहे.

लिनक्स आणि मॅकचे यंत्र तुमच्याकडे नाही, म्हणून त्याविषयी थोडक्यातच सांगतो. डेबियन आणि उबुंटूवर ‘/युएसआर/बिन/जावा’ ही खरी फाइल नसून दुवा असतो. तो ‘/ईटीसी/अल्टरनेटिव्ह्ज’कडे आणि तिथून ‘/युएसआर/लिब/जेव्हीएम’मधल्या खऱ्या जागी जातो. ‘रीडलिंक -एफ’ ही आज्ञा सगळे दुवे उलगडून शेवटचा पत्ता देते. बॅश या लिनक्सच्या आज्ञा-खिडकीला आधी सापडलेली जागा लक्षात राहते, म्हणून सॉफ्टवेअर हलवल्यावर ‘हॅश -आर’ करावे. आणि क्रॉन, सुडो व सिस्टीमडी या प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या साधनांकडे तुमच्या बॅशआरसी फाइलीतली व्हेरिएबल पोहोचत नाहीत, हे विंडोजवरील सर्व्हिसच्या कथेचेच लिनक्समधले रूप आहे. मॅकवर ‘/युएसआर/लिबएक्झेक/जावा_होम’ हा लहानसा प्रोग्रॅम थेट पत्ता सांगतो.

आता तुमच्या बॅच फाइलीविषयी. मी ती अशी लिहीन. सर्वप्रथम केवळ या प्रोग्रॅमपुरते एक वेगळे व्हेरिएबल पाहावे, उदाहरणार्थ लॅब_जावा_होम, जेणेकरून एखाद्या यंत्रावर काही विशेष करायचे असल्यास बाकी कशाला हात लावावा लागणार नाही. ते नसेल तर जावा_होम. प्रत्येक वेळी त्या पत्त्याच्या आत ‘बिन\जावा.ईएक्सई’ आहे का हे ‘इफ एक्झिस्ट’ने तपासावे आणि नसेल तर गप्प न बसता, अमुक व्हेरिएबलमध्ये अमुक पत्ता आहे पण तिथे जावा नाही, अशी ओळ छापून पुढे जावे, तुमच्या त्या दोन यंत्रांचा दोष या एका ओळीने पहिल्याच दिवशी उघड झाला असता. त्यानंतर ‘व्हेअर जावा’मधली पहिली फाइल, मग रजिस्ट्री, आणि सर्वांत शेवटी %प्रोग्रामडब्ल्यू६४३२% च्या आतल्या ‘जावा’ फोल्डरातील उपफोल्डर. हा शेवटचा मार्ग ‘फॉर’च्या फेरीने लिहिताना सर्वांत शेवटी आलेले फोल्डर म्हणजे सर्वांत नवे असे धरू नये, कारण नावे अक्षरांच्या क्रमाने येतात आणि त्या क्रमात ‘जेडीके-९’ हे ‘जेडीके-२१’च्या नंतर येते. आवृत्ती पाहायची तर प्रत्येक संचाच्या मुळाशी ‘रिलीज’ नावाची एक साधी मजकूर-फाइल असते, तिच्यातली जावा_व्हर्जन ही ओळ वाचावी. त्यासाठी जावा सुरूही करावे लागत नाही.

हे सगळे लिहून झाल्यावर माझे प्रामाणिक मत सांगतो. चाळीस यंत्रे तुमच्याच ताब्यात आहेत आणि चालवायचा प्रोग्रॅम एकच आहे, तर जावाचा शोध घेण्यापेक्षा जावा प्रोग्रॅमच्या शेजारीच ठेवावे. जावा ९ पासून ‘जेलिंक’ हे साधन संचासोबत येते. ते प्रोग्रॅमला लागणारे तेवढेच भाग घेऊन जावाची आटोपशीर प्रत तयार करते. प्रोग्रॅमने मॉड्यूलची पद्धत वापरलेली नसेल तरी अशी प्रत करता येते, फक्त लागणारे भाग ‘जेडेप्स’ने आधी शोधून हातांनी सांगावे लागतात, आणि तेही नको असेल तर संपूर्ण संचाचे फोल्डर उचलून ठेवले तरी चालते, जागा तेवढी जास्त लागते. जावाच्या सुरक्षा-सुधारणा मग आपोआप येणार नाहीत आणि ती प्रत वेळोवेळी तुम्हालाच बदलावी लागेल, ही या मार्गाची किंमत आहे. बॅच फाइलमध्ये उरते ती एकच ओळ: अवतरणचिन्हांत %~डीपी०जावा\बिन\जावा.ईएक्सई. यातले %~डीपी० म्हणजे बॅच फाइल ज्या फोल्डरात आहे त्याचा पूर्ण पत्ता. त्याच्या शेवटी उलटी तिरकी रेघ आधीच असते, म्हणून मध्ये दुसरी घालायची नाही.